आईवेगळी पिल्ले

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना रंगीत पिल्लांच्या टोपलीची ओळख करून द्यायला नको. चिंचपोकळी स्टेशनाचा पूल उतरून लालबागच्या अंगाला वळावे, तो एखादा माणूस टोपली पुढ्यात घेऊन बसलेला असायचा आणि टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले चिवचिवत असायची. शाळेतून परतणारी पोरे तिथून हलत नसत. आईच्या मागे भुणभुण लावून पिल्लांची जोडी घरी येई, चाळीतल्या खोलीत पलंगाखाली तिची सोय लागे आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात रडारड होई. शेजारची आजी म्हणे, दृष्ट लागली. कोणी बोक्याच्या नावाने बोटे मोडी. खरे कारण मात्र फार लांबचे आहे. ते फ्रान्स, अमेरिका आणि जपान असा वळसा घेऊन चिंचपोकळीला पोचले आहे.

गावाकडे पिल्लू कधी एकटे येत नाही. ज्या कोकणातून आणि घाटावरून गिरणीकामगार मुंबईला आले, तिथे कोंबडी खुडूक झाली की घरची बाई पाटीत पेंढा घालून तिला दहा-बारा अंड्यांवर बसवी. २१ दिवस ती माउली जेमतेम चारापाण्यापुरती उठते. एरवी अंडी चोचीने फिरवीत बसून राहते. पिल्ले बाहेर आली की तिच्या पंखाखाली सुमारे ४१ अंशांची ऊब त्यांना अष्टौप्रहर मिळते. घारीची सावली दिसताच ती निराळाच आवाज काढते आणि पिल्ले तिच्या पोटाखाली दडतात. दाणा टिपायलाही तीच शिकवते. मग घरधनिणीला करायचे ते काय उरले? चार कण्या टाकायच्या आणि रात्री डालगे झाकायचे. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बायकांचाही चाळीतल्या पिल्लांपुढे इलाज चालेना, तो यामुळेच. त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबडीचे काम कधी केले नव्हते!

हे काम कोंबडीकडून काढून घेण्याची खटपट जुनी आहे. मिसर देशात मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवण्याची विद्या दोन हजार वर्षांपूर्वीही होती. ज्याच्या नावाचा उष्णतामापक प्रसिद्ध आहे, त्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुजत्या शेणाच्या उबेवर अंडी उबवण्याचे प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लांसाठी त्याने आतून मेंढराचे कातडे लावलेली एक पेटीही बनवली. तिला नाव दिले ‘कृत्रिम आई’.

पुढे यंत्रे सुधारली आणि व्यापाऱ्यांना निसर्गाचे एक गुपित उपयोगी पडले. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. ही त्याची दोन-तीन दिवसांची शिदोरी. सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. मागच्या भावंडांसाठी आई बसून राहते, तोवर आधी आलेल्यांनी उपाशी मरू नये म्हणून ही तजवीज. या शिदोरीच्या भरवशावर १८९२ साली अमेरिकेत न्यू जर्सीतून एक दिवसाची पिल्ले रेल्वेने परगावी रवाना झाली. १९१८ पासून तर तिथले टपालखाते ती पोचवू लागले. आपल्या टोपलीतले पिल्लूही याच शिदोरीवर दोन दिवस टुणटुणीत दिसते. तिसऱ्या दिवशी शिदोरी संपते.

राहिला जपानचा भाग. कोवळ्या पिल्लाची तपासणी करून पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखण्याची युक्ती कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. १९२७ साली ऑटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली आणि अंड्यांच्या जातीतल्या नरांचे नशीब फिरले. ते अंडी देत नाहीत आणि अंगाने भरत नाहीत, मग त्यांना दाणा कशाला घालायचा? आपल्याकडे १९५९ साली केंद्र सरकारने पाच प्रादेशिक कुक्कुट केंद्रे काढली, त्यांतले एक गोरेगावच्या आरे वसाहतीत. १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाली. अंडी स्वस्त झाली, गरिबाच्या ताटात आली, हे चांगलेच झाले. पण उबवणी केंद्रांतून निवडून टाकलेले नर बहुतेक मारले जातात आणि थोडे टोपलीवाल्याच्या हाती लागतात. त्यांना रंगाचे पाणी लावले की मुलांचे डोळे लकाकतात. ‘मोठी होऊन अंडी देईल’ म्हणून घरी आणलेली ती चिमणी जोडी बहुधा दोन नरांचीच असते.

तरीही घरी आलेल्या जिवाला जगवले पाहिजे. मुंबईत एवढे उकडते, पिल्लाला कसली थंडी, असे आपण म्हणतो आणि तिथेच घात होतो. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पुठ्ठ्याच्या खोक्यावर जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा टांगावा. हल्लीच्या एलईडी दिव्याचा उपयोग नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. पिल्ले दिव्याखाली गर्दी करू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून कोपऱ्यात पळाली तर उकडते आहे. मोकळी पसरून बसली की निश्चिंत व्हावे. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, गोणपाट बरे. पाण्याच्या बशीत खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही, आणि पहिल्यांदा चोच पाण्याला आपण टेकवावी. नुसत्या भातावर ते वाढत नाही, त्याला पिल्लांचे खाद्य हवे. रंग जावा म्हणून आंघोळ तर मुळीच घालू नये. मुलांनी पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सातव्या दिवसाच्या सुमारास मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यावी. (१९१८ च्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत.) आणि दिवाळीत खोका गॅलरीपासून दूर ठेवावा. फटाक्याच्या आवाजाने पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

एवढे करून जगलेले पिल्लू चार-पाच महिन्यांत तुरेबाज कोंबडा होऊन बांग देऊ लागते. गिरण्यांच्या भोंग्यांवर जागणाऱ्या चाळीत ती बांग खपून जाई. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत भोंगे एकामागून एक मुके झाले. आता चाळींच्या जागी टॉवर आले आहेत, आणि पहिल्याच पहाटे सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. मग कोंबड्याला गावी पाठवतात. निदान मुलांना तसे सांगतात.