सावलीतली रंगीत पानं आली कुठून?

आपल्या कोपरगावात जुन्या घराला परसदार असतं आणि परसदारी एक कोपरा असा असतोच, जिथे ऊन पोचत नाही. वर आंब्याची किंवा कडुनिंबाची सावली, खाली न्हाणीचं पाणी. तिथे ना मोगरा फुलतो, ना झेंडू. मग आम्ही बायका काय लावतो? अळू, कर्दळ, आणि शेजारणीकडून मागून आणलेलं एखादं रंगीत पानांचं झाड. आज या पानांचा इतिहास सांगणार आहोत.

आधी पाण्याचं सांगू. आपला तालुका कमी पावसाचा. दारणा धरण 1916 साली पूर्ण झालं, नांदूरमध्यमेश्वरहून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांना त्याचं पाणी मिळालं. शेतात ऊस आला. पण अंगणातली झाडं जगली ती बहुतेक घरी धुण्याभांड्यांच्या पाण्यावरच.

आता क्रोटन पाहा. पिवळे, लाल ठिपके असलेलं हे झाड मूळचं इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचं. सतराव्या शतकात आंबोन बेटावर डच कंपनीत नोकरीला असलेल्या रुम्फियस नावाच्या माणसाने तिथल्या झाडांची मोठी नोंद लिहिली, त्यात हे झाड आहे. पुढे 1670 साली त्याची दृष्टी गेली. 1674 च्या भूकंपात त्याची बायको सुझाना आणि मुलगी दगावल्या. सुझाना त्याच्याबरोबर झाडं शोधायला जायची. तिने दाखवलेल्या एका पांढऱ्या फुलाला त्याने तिचं नाव दिलं. ग्रंथ छापला गेला तो 1741 पासून, त्याच्या मृत्यूनंतर.

कोलियस जावा बेटावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात गेलं. हृदयाच्या आकाराच्या पानांचं कॅलेडियम दक्षिण अमेरिकेचं. जांभळी-चंदेरी पट्ट्यांची झेब्रिना मेक्सिकोकडची. आपली कर्दळसुद्धा अमेरिकेतूनच आली, पण आता तिला परकी कोण म्हणेल? साहेबांच्या बंगल्यांतून, सरकारी बागांतून ही झाडं आपल्या देशात पसरली. आपल्याकडे 1830 साली पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था निघाली. पुण्याची एम्प्रेस बाग तिच्याकडेच आहे, आणि दर जानेवारीत तिथलं फुलांचं प्रदर्शन पाहायला लोक गर्दी करतात.

पण बंगल्यातली फांदी आपल्या परसात कशी आली? ती कुणी विकत आणली नाही. माहेराहून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. नणंदेने दिली, कधी न विचारता तोडलीही. या बायकांची नोंद कुठल्याही ग्रंथात नाही. सुझानाचं नाव राहिलं, कारण लिहिणाऱ्याने ते लिहिलं. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या परसातलं झाड कुणाकडून आलं ते बचत गटाच्या वहीत लिहून ठेवू या.

आता उपयोगाचं सांगू. पान हिरवं असतं ते अन्न तयार करण्यासाठी. पांढऱ्या, पिवळ्या भागात हिरवा रंग कमी, म्हणून अशी झाडं सावकाश वाढतात. गडद सावलीत क्रोटनचे रंग फिके पडून ते हिरवट होतं. त्याला सकाळचं कोवळं ऊन हवं. कॅलेडियम आणि कोलियस मात्र सावलीत खुलतात. कोलियसची वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, ओल्या मातीत खोचा. पावसाळ्यात लवकर मुळं धरते. तुरा आला की खुडा, म्हणजे झाड भरतं. कॅलेडियमची पानं थंडीत वाळतात, तेव्हा मेलं समजून उपटून टाकू नका. कंद कोरड्या मातीत झोपलेला असतो, उन्हाळ्यात पुन्हा कोंब काढतो.

आणि एक इशारा. कच्च्या अळूने घसा खवखवतो, तशाच सुईसारख्या स्फटिकांमुळे कॅलेडियमचं पान चावलं तर तोंड भाजल्यासारखं होतं. आमच्यातल्या एकीच्या नातवाने पान तोंडात घातलं आणि घरभर रडारड झाली. भाजीचा अळू आणि शोभेचं पान शेजारी शेजारी लावू नका. क्रोटनचा चीकही अंगाला लागू देऊ नका, वासराच्या तोंडाशी झाड ठेवू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एकेक फांदी आणा, आणि ती कुणी दिली होती तिचं नावही आणा. अंधारा कोपरा उजळेल, आणि देणारीची आठवणही राहील.