अंडरस्कोर आणि उंट

जावाच्या क्लासमध्ये आपण 'फर्स्टनेम' असं लिहितो, म्हणजे दोन शब्द चिकटवून, दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. हा कॅमलकेस. मधलं मोठं अक्षर म्हणजे उंटाचं वशिंड! तीच गोष्ट टेबलात गेली की 'फर्स्ट_नेम' होते, मधे अंडरस्कोर. रोज बघतो आपण हे, पण हे दोन पंथ आले कुठून?

थोडं मागे जाऊ. १९६३ च्या आस्की कोडमध्ये अंडरस्कोर नव्हताच. आज ९५ नंबरवर तो आहे, तिथे तेव्हा डावीकडे तोंड केलेला बाण होता. १९६७ च्या आवृत्तीत बाण गेला, अंडरस्कोर आला. पण झेरॉक्स पार्कमध्ये १९७० च्या दशकात घडलेल्या स्मॉलटॉक भाषेने तो बाणच धरून ठेवला आणि व्हेरिएबलला किंमत देण्यासाठी वापरला. मग नावातले शब्द जोडणार कशाने? कॅपिटल अक्षराने. ही सवय ऑब्जेक्टवाल्या मंडळींत रुजली आणि १९९५ साली आलेल्या जावातही तीच दिसते.

डेटाबेसचं घराणं वेगळं. कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा पेपर १९७० चा. त्यावरून आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. इथे अवतरणचिन्हांशिवाय नाव लिहिलं तर ओरॅकल ते सगळं कॅपिटल करतं, पोस्टग्रेस सगळं स्मॉल. वशिंड सपाट! म्हणून तिथे अंडरस्कोर ही हौस नव्हे, गरज आहे. त्यात ओरॅकलमध्ये १२.२ आवृत्ती येईपर्यंत नावाला ३० बाइटचीच मर्यादा होती. जुन्या टेबलांत ती काटछाट केलेली चमत्कारिक नावं दिसतात ना, त्याचं हेही एक कारण.

या दोन घराण्यांचं लग्न लावायला ओआरएम आले. गॅव्हिन किंगने २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं. प्रॉपर्टीचं आणि कॉलमचं नाव वेगळं असेल तर ते एक्सएमएलमध्ये हाताने लिहायचं. टेबलं दोनशे असली तर बसा लिहीत! म्हणून नेमिंगस्ट्रॅटेजी नावाचा इंटरफेस होता. नियम एकदा सांगा, बाकी लायब्ररी बघेल. कॅमलकेसचं अंडरस्कोर करणारा एक तयार क्लासही सोबत मिळायचा.

पण त्या एकाच इंटरफेसमध्ये दोन प्रश्नांची खिचडी झाली होती. एक, प्रोग्रामरने नाव दिलंच नाही तर कोणतं धरायचं? दोन, ठरलेलं नाव डेटाबेसमध्ये शेवटी कसं लिहायचं? २०१५ च्या हायबरनेट ५ ने यांची वाटणी केली: पहिला प्रश्न इम्प्लिसिट स्ट्रॅटेजीकडे, दुसरा फिजिकलकडे. वाटणी योग्यच होती, पण तिचा एक परिणाम बऱ्याच जणांना चकवून गेला. फिजिकल स्ट्रॅटेजी तुम्ही स्वतः लिहिलेल्या नावालाही लागते. २०१६ च्या स्प्रिंग बूट १.४ मध्ये हायबरनेट ५ घेतलं की डीफॉल्ट फिजिकल स्ट्रॅटेजी अंडरस्कोरवाली. ॲनोटेशनमध्ये हौसेने कॅमलकेस लिहा, क्वेरीत अंडरस्कोरच दिसणार.

यात गंभीर काय, असं वाटेल. समजा चालू सिस्टिममध्ये व्हर्जन बदललं आणि नियमही नकळत बदलला. स्कीमाची सेटिंग 'अपडेट' आहे. जुना कॉलम आणि नवं नाव एकच आहेत हे हायबरनेटला कसं कळणार? तो शेजारी नवा कॉलम टाकतो. त्यात नल चालत असेल तर एकही एरर नाही. जुना डेटा जुन्या कॉलममध्ये सुखरूप, आणि स्क्रीनवर ग्राहकाचा पत्ता कोरा! शिवाय त्या दिवसापासूनच्या नोंदी नव्या कॉलममध्ये जातात, म्हणजे जितक्या उशिरा लक्षात येईल तितकं निस्तरणं अवघड.

म्हणून स्ट्रॅटेजीचा क्लास कॉन्फिगरेशनमध्ये नाव घेऊन लिहावा, डीफॉल्टवर सोडू नये. आणि प्रॉडक्शनवर 'अपडेट'ऐवजी 'व्हॅलिडेट' ठेवावं. कॉलम सापडला नाही तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. बोंब होते खरी, पण वेळेवर होते.