केडगावचं उघडं दार

दौंडसारख्या रेल्वेच्या गावात वाढलं की सर्वधर्मसमभाव शिकवावा लागत नाही, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. दिवाळीचा फराळ शेजारी जातो, ईदला शीरखुर्मा येतो, नाताळला केक. हे खरं आहे, मी खाल्लंय. पण मोठी होताना एक गोष्ट लक्षात यायला लागली. ताटं फिरतात, प्रश्न फिरत नाहीत. तुमच्याकडे बाईनं धर्म बदलला तर काय करता, आमच्या स्वयंपाकघरात कोण येऊ शकतं, हे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून मला आमच्याच तालुक्यातली एक जुनी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं हे प्रश्न खरोखर विचारले गेले आणि त्यांची किंमतही मोजावी लागली.

पुण्याहून दौंडला जाणारी शटल यवत, खुटबाव करत केडगावला थांबते. स्टेशन छोटं आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. पण ती गोष्ट केडगावच्या आधी सुरू होते.

रमाबाई म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी. आईवडील दुष्काळात गेले. संस्कृतच्या जोरावर कलकत्त्यात १८७८ साली ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली. जातीबाहेरचं लग्न, मग लवकरच वैधव्य आणि १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती धर्माची दीक्षा. पण नव्या धर्मातही ही बाई मान तुकवून बसली नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असं तिनं वाँटेजच्या सिस्टरांना विचारलं. शाकाहारही सोडला नाही. इकडच्यांना ती बाटलेली वाटली, तिकडच्यांना हट्टी.

११ मार्च १८८९ रोजी तिनं मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या बोलीवर. नियम असा की सदनात धर्म शिकवायचा नाही. मुली बहुतेक वरच्या जातींतल्या, म्हणून स्वयंपाकाला ब्राह्मण आणि सोवळंओवळं पाळायची पूर्ण मुभा. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. एका ख्रिस्ती बाईच्या छपराखाली हिंदू विधवा आपापले उपास करत शिकताहेत, हे दृश्य त्या काळात दुसरीकडे कुठे सापडलं असतं?

अडचण एका दारावरून झाली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. लपवण्यासारखं काही करत नाही, तर कडी कशाला लावू, असा त्यांचा विचार. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावलं होतं का? नाही. त्यांना थांबवलं का? तेही नाही. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

मला इथं कुणाची बाजू घ्यावी ते पटकन ठरवता येत नाही. ज्या बाईच्या हातात छप्पर, जेवण आणि शाळा आहे, तिच्या उघड्या दाराचं वजन इतरांच्या उघड्या दारासारखं नसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या विधवेला ते दार नुसतं दार वाटलं असेल का? ही शंका टिळकांनी घेतली म्हणून खोटी ठरत नाही. पण उलट बाजूही बघा. मुलींना काढून नेणाऱ्यांनी त्यांना कुठे नेलं? बहुतेकींसाठी परत त्याच घरात, जिथून सुटायला त्या आल्या होत्या. मुलीला स्वतःचं मत असू शकतं, ती आत जाऊन बसून बाहेरही येऊ शकते, हे दोन्ही बाजूंच्या हिशेबात नव्हतं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हे त्याचं उदाहरण. त्याच १८९३ च्या मार्चमध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. ती हिंदूच राहिली, पुढे बाया कर्वे म्हणून कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरली.

मग केडगाव. रमाबाईंनी इथं शेतजमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. माळावर विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या राहिल्या, त्यातून मुक्ती उभं राहिलं. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, माणसांचा आकडा हजारांत गेला. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल.

या दोन संस्थांची तुलना केली की मला विचित्र वाटतं. शारदा सदनात धर्माचं दार सगळ्यांना मोकळं होतं, पण स्वयंपाकघर जातीनं बंद. मुक्तीत दुष्काळातून आलेल्या सगळ्या जातींच्या मुली एका पंक्तीला बसल्या. पण बोस्टनच्या कराराची मुदत १८९८ मध्ये संपली आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. एक दार उघडलं तेव्हा दुसरं लागलं. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवणं इतकं अवघड का असावं?

त्याच केडगावात, थोड्याच अंतरावर, दत्तभक्त नारायण महाराजांचं बेट आहे. इथली ये-जा वेगळ्या तऱ्हेची. उपासनी महाराज हे कर्मठ ब्राह्मण शिर्डीला जाण्याआधी नारायण महाराजांकडे येऊन गेले. नंतर राहुरीत कुणी त्यांना साईबाबांकडे जा म्हणालं, तेव्हा ते आधी बिचकले, कारण नाव मुसलमानी वाटत होतं. तरी १९११ साली गेले, आणि तिथंच राहिले. १९१५ मध्ये पुण्याचा मेरवान हा इराणी जरथुस्त्री तरुण बेटावर आला. त्याला आधी पुण्यात बाबाजान या मुसलमान अवलियांचा स्पर्श झाला होता. नारायण महाराजांनी आसनावरून उठून त्याला हार घातला, अशी आठवण त्याचे शिष्य सांगतात. हाच पुढचा मेहेरबाबा. १९२३ पासून त्यांचं ठाणं नगरजवळ अरणगावला, दौंड-मनमाड रुळांच्या अगदी कडेला. १८७८ मध्ये सुरू झालेली ही लाइन घ्या आणि स्टेशनं मोजा: राहुरी, शिर्डीसाठी कोपरगाव. गाडीच्या डब्यात सोवळं पाळणं तसंही कठीणच.

पण हे सगळे साधक होते, एकटे, हवं तेव्हा उठून जाऊ शकणारे पुरुष. त्यांच्यासाठी दार उघडं असणं सोपं होतं. कोवळ्या विधवेला ना तिकिटाचे पैसे होते, ना परवानगी. म्हणून आंतरधर्मीय संवादाच्या गप्पांत संतांच्या भेटी आधी सांगितल्या जातात आणि सदनातल्या मुली राहून जातात, याचा मला थोडा राग आहे.

भीमा ओलांडली की श्रीगोंदा. तिथं संत शेख महंमदांची समाधी आहे. चांद बोधल्यांचे शिष्य, ‘योगसंग्राम’चे कर्ते, मालोजी भोसले त्यांचे भक्त होते असं परंपरा सांगते. शेकडो वर्षं वारकरी आणि मुसलमान दोघंही तिथं डोकं टेकत आले. अलीकडे त्या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून वाद पेटलाय. जागा कुणाच्या नावावर, हे कागदावर लिहायची वेळ आली की दोघांची जागा एकाची होते. शारदा सदनातही नियम कागदावरच होता, आणि तिथं दाराबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच गेल्या. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. संस्कृतातली ही पंडिता खेड्यातल्या बाईला कळेल असा साधा शब्द शोधत बसायची. १९२४ मध्ये ते पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.