आट्यांतून पाणी गळतंय? पाना जोरात फिरवू नका

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. घरातली तोटीही बरेचदा पितळेचीच असते, पण बसते प्लास्टिकच्या एल्बोत. गळती सुरू होते ती याच जोडावर.

आटे कितीही घट्ट बसले तरी मध्ये बारीक फट राहतेच. ती भरायचं काम टेफ्लॉन टेपचं. म्हणून नुसतं आवळत बसू नका. पितळेला काही होत नाही, प्लास्टिक मात्र तडकतं आणि मग भिंत फोडावी लागते.

टाकीचा कॉक बंद करून पाईप रिकामा होऊ द्या. तोटी काढा, जुनी टेप आणि क्षारांचा पांढरा थर ब्रशने घासून टाका. आता आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर तोटी फिरवताना तिचा गोळा होतो. सहा-सात वेढे पुरे, टेप फारच पातळ असेल तर दहा. हाताने घट्ट बसेपर्यंत फिरवा, पुढे पान्याने एखादाच फेरा. तोटी सरळ करायला मागे फिरवलीत, तर टेप पुन्हा नवी लावा.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी 55 लिटर आहे, हे लक्षात घ्या.

आणि हो, गिझरच्या फ्लेक्सिबल पाईपच्या नटाला टेप लावू नका. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो. गळत असेल तर तोच बदला.