चित्रातून पुसलेली राणी

चांदबीबीचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. 1595-96 मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा नगरचा किल्ला लढवणारी ती चांदबीबी. पण तिच्या आईचं नाव काय? आमच्या गटात विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणून आज तिच्याविषयी बोलूया.

तिचं नाव खुंजा हुमायूँ. नगरचा सुलतान हुसेन निजामशहा याची ती बेगम. 1565 साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला. जिंकणाऱ्या सुलतानांत हुसेनशहा होता. त्याच्या कौतुकाचं काव्य आफताबी नावाच्या कवीनं फारसीत रचलं, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्या पोथीत पानात मावतील अशी लहान, रंगीत चित्रं आहेत.

सुलतानांच्या दरबारी चित्रांत सहसा राजा तख्तावर बसलेला आणि भोवती सरदार, चाकर असतात. राणी शेजारी क्वचितच. या पोथीत मात्र चित्रकारानं तिला राजाजवळ बसवलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

हुसेनशहा त्याच 1565 साली वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून कारभार खुंजानं हाती घेतला आणि चार वर्षं चालवला. तिनं आपल्या भावांना मोठ्या जागा दिल्या, हेही खरं. सरदार बिथरले. अखेर 1569 मध्ये पोटच्या मुलानंच तिला कैदेत टाकलं.

आणि चित्रांतूनही तिला काढलं. बहुतेक पानांवर तिची आकृती पुसून टाकलेली आहे. हे तिची सत्ता गेल्यावर झालं, असं अभ्यासक मानतात. राजा जागच्या जागी आहे, शेजारी नुसता डाग. पण नीट पाहिलं, तर तिथं कुणी बसलं होतं हे कळतं. सातबाऱ्यावरून नाव गेलेल्या बाईला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

एक चित्र आम्हाला फार आवडलं. त्यात बाईचा स्पर्श होताच झाड फुलतं. ही कल्पना जुनी, आपल्याच मातीतली. तिला संस्कृतात ‘दोहद’ म्हणतात. आपला ‘डोहाळे’ शब्द त्यातूनच आला. फारसी पोथी, सुलतानाचा दरबार, आणि आत आपले डोहाळे!

ही पोथी पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवली आहे.