लोकाश्रय, कर्ज आणि कायम निधी : गांधर्व महाविद्यालयाच्या अर्थव्यवहाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासात या घटनेचे महत्त्व सर्वमान्य आहे. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देणारे, स्वरलेखन व क्रमिक पुस्तके सिद्ध करणारे, संगीत राजवाड्यातून व माडीवरून मध्यमवर्गाच्या घरात आणणारे म्हणून पलुस्करांचा गौरव झाला आहे, आणि तो यथार्थच आहे. मात्र या संस्थेचा खर्च कसा चालला, आणि १९२४ मध्ये तिच्या मुंबईच्या इमारतीवर जप्ती येऊन ती लिलावात का निघाली, या प्रश्नाकडे अभ्यासकांनी तुलनेने कमी लक्ष दिले आहे. चरित्रग्रंथांतून हा प्रसंग बहुधा दैवगती म्हणून किंवा पंडितजींच्या वाढत्या विरक्तीचा परिणाम म्हणून येतो. प्रस्तुत निबंधात तो एक आर्थिक घटना म्हणून तपासला आहे.

राजाश्रयाची पार्श्वभूमी

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यावर त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायनविद्येसाठी ठेवण्यात आले व मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांचा भार उचलला. आजच्या परिभाषेत ही शिष्यवृत्तीच होती. बाळकृष्णबुवांच्या पिढीला विद्येसाठी पायी ग्वाल्हेर गाठावे लागले होते. त्यामानाने पलुस्करांचा विद्यार्थिकाळ सुस्थितीत गेला. परंतु आश्रय व्यक्तीच्या मर्जीवर होता. दरबारात शिष्याला मान मिळतो, पण त्याच समारंभात गुरूला आमंत्रणही नसते, असा अनुभव त्यांना आल्याचे चरित्रकार सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

राजाश्रयावर चालणाऱ्या संगीतशाळा त्या काळी नव्हत्या असे नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून सुरू होती. पुढे १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढले. या शाळांच्या खर्चाची चिंता दरबार वाहत असे. दुसरीकडे मुंबईतील पारशी गायन उत्तेजक मंडळी (१८७०) किंवा पुण्यातील गायन समाज (१८७४) या सभासदांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या हौशी संस्था होत्या. पलुस्करांनी यांपैकी कोणताच मार्ग जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांना पूर्ण वेळ चालणारी, व्यावसायिक शिक्षक घडवणारी शाळा हवी होती आणि ती जनतेच्या पैशावर चालवायची होती.

उत्पन्नाच्या बाजू

फी, देणग्या, जाहीर जलसे आणि पुस्तकविक्री ही महाविद्यालयाच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होती. पलुस्करांनी तिकीट लावून गाण्याचे कार्यक्रम करण्याची प्रथा रूढ केली. त्यांनी संगीतविषयक पुस्तकांसाठी छापखाना चालवला, नियतकालिक काढले आणि वाद्यदुरुस्तीचीही सोय केली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुंबई शाखा निघाली आणि थोड्याच काळात तीच संस्थेचे केंद्र बनली. मुंबईत फी देऊ शकणारा शिक्षित व व्यापारी वर्ग होता, आणि आपल्या मुलींना घरंदाज वातावरणात गाणे शिकवावे असे वाटणारी कुटुंबेही होती.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. त्यांतून मिळणारा पैसा त्या त्या वर्षाचा होता. देणगीदार दिलेली रक्कम खर्च होईल असे मानूनच देत असे. मुद्दल राखून व्याजावर शाळा चालावी अशा हेतूने कोणी मोठी ठेव ठेवल्याचे दिसत नाही. जलशाचे उत्पन्न तर सर्वस्वी पंडितजींच्या गळ्यावर अवलंबून होते. ते दौऱ्यावर असले की पैसा येई, पण शाळेत मुख्य गुरू नसे; ते शाळेत असले की शिकवणे होई, पण पैसा येत नसे. हा पेच त्यांच्या हयातीत सुटला नाही.

खर्चाची बाजू : उपदेशक वर्ग

खर्चात सर्वांत मोठा भार उपदेशक वर्गाचा होता. पालकांनी मुलगा नऊ वर्षांसाठी संस्थेच्या स्वाधीन करावा, संस्थेने त्याचे जेवण, निवास व शिक्षण विनामूल्य करावे आणि त्याने पुढे संगीतप्रसाराचे कार्य करावे, असा हा करार होता. महाराष्ट्राला माधुकरी मागून किंवा वार लावून शिकणारा विद्यार्थी परिचित होता. माधुकरीत गावाने घरोघरी वाटून घेतलेला भार येथे एकाच संस्थेच्या कोठीवर आला. रोज शिजणाऱ्या अन्नाला वर्गणीची वाट पाहता येत नाही, हे व्यवस्थापनाचे साधे सत्य या वर्गाच्या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे.

या योजनेचे साम्य डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (१८८४) आजीव सभासदांच्या पद्धतीशी आहे. तेथेही अल्प वेतनावर ठरावीक वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा हेच खरे भांडवल होते. फरक असा की सोसायटी नोंदणीकृत होती, तिचे निर्णय सभासद मंडळ घेई आणि संस्थानिकांच्या देणग्या संस्थेच्या नावे जमा होत. गांधर्व महाविद्यालयात मात्र संस्था आणि संस्थापक यांच्यात रेषा काढणे कठीण होते. कर्ज काढणारे तेच, ते फेडण्यासाठी गाणारे तेच.

मुंबईची इमारत

विद्यार्थिसंख्या वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. वर्ग आणि वसतिगृह यांसाठी स्वतःची इमारत बांधण्याचे पंडितजींनी ठरवले व त्यासाठी कर्ज काढले. हा निर्णय अविचाराचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. मुंबईत भाड्याच्या जागेत शेकडो विद्यार्थ्यांचा रियाज चालवणे किती अवघड असते, याची कल्पना शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या कोणत्याही संगीतशिक्षकाला येईल. शिवाय दगडी इमारत ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि संगीताला प्रतिष्ठा मिळवून देणे हेच तर त्यांचे ध्येय होते.

दोष इमारतीत नव्हता, तिच्या वित्तव्यवस्थेत होता. कर्जाच्या हप्त्याची तारीख ठरलेली असते. जलशाच्या उत्पन्नाचे तसे नसते. १९२४ मध्ये पंडितजी कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना धनकोंनी मालमत्तेवर जप्ती आणली व इमारत लिलावात गेली. कर्ज फेडण्यासाठीच ते गावोगाव गात होते, हा या प्रसंगातील सर्वांत क्लेशकारक तपशील होय. त्यानंतर त्यांचा मुक्काम मुख्यतः नाशिकच्या आश्रमात राहिला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

याच काळातील दुसरी घटना येथे ताडून पाहण्यासारखी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांचाही भर प्रारंभी वर्गणीवर आणि वणवण फिरण्यावरच होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली व विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. म्हणजे मुंबईच्या व्यापारी वर्गापाशी पैसा नव्हता, किंवा शिक्षणासाठी मोठे दान देण्याची वृत्ती नव्हती, असे म्हणता येत नाही. धर्मादाय निधींविषयीचा १८९० चा कायदाही उपलब्ध होता. मग संगीतशाळेच्या वाट्याला असे दान का आले नाही? त्याचे एक कारण असे संभवते की विद्यापीठाला दान देताना धनिक संस्थेला देत असे आणि गवयाला देताना तो बिदागी देत असे. गाणे ऐकून खूश होऊन दिलेली रक्कम आणि शंभर वर्षे टिकावी म्हणून ठेवलेली रक्कम यांमागील मनोवृत्ती भिन्न असते. पलुस्करांनी श्रोत्यांची अभिरुची बदलली, दात्यांची सवय बदलण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

दोन शिष्यवृत्त्या

इमारत गेली तरी काही गुंतवणूक वाया गेली नाही. भडोच येथील पारशी दानशूर शापूरजी मंचेरजी डुंगाजी यांनी एका गरीब मुलाचा आवाज ऐकून १९०९ च्या सुमारास त्याच्या मुंबईतील गांधर्व महाविद्यालयातील शिक्षणाची तजवीज केली. हा मुलगा म्हणजे ओंकारनाथ ठाकूर. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाची उभारणी त्यांच्या हातून झाली. मिरजेच्या विनायकराव पटवर्धनांना तेथील संस्थानिकांचे साहाय्य मिळाले व १९०७ मध्ये ते लाहोरला गेले.

विनायकरावांचे उदाहरण अधिक बोलके आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना सन्मानाने सांभाळू शकेल असे वेतन गुरूंच्या संस्थेपाशी नव्हते. त्यांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अनेक वर्षे भूमिका केल्या आणि १९३२ मध्ये रंगभूमी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला शिकवते, पण शिकून तयार झालेल्या शिक्षकाला धरून ठेवण्यासाठी निराळा निधी लागतो, ही बाब येथे स्पष्ट होते.

या शिष्यवृत्त्यांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. प्रसिद्धीस आलेल्या उपदेशकांच्या नामावलीत ब्राह्मण कुटुंबांतील मुलांचेच प्राबल्य दिसते. ज्या मुस्लिम घराण्यांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यानुपिढ्या जतन केली, त्यांच्या मुलांना या नव्या लोकाश्रयात फारसे स्थान मिळाले नाही. लोकाश्रय म्हणजे कोणत्या लोकांचा आश्रय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

लखनौचा मार्ग आणि परीक्षा-शुल्काचा मार्ग

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वेगळा मार्ग पत्करला. बडोदे येथील १९१६ च्या परिषदेपासून ते संस्थानिक, सरकारी अधिकारी व विद्वान यांना एकत्र आणत होते. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघाले ते राय उमानाथ बली यांच्यासारख्या तालुकदारांच्या साहाय्याने आणि प्रांताच्या गव्हर्नरांच्या नावाने. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे या कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. येथेही अडचणी होत्याच. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी नष्ट झाल्यावर तालुकदारांचा आधार संपला, आणि १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने संस्था आपल्याकडे घेतली. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व २०२२ मध्ये ती राज्य विद्यापीठ झाली. या संस्थेचे नाव बदलले, आश्रयदाते बदलले, पण संस्थापकाच्या व्यक्तिगत कर्जापायी तिच्या इमारतीचा लिलाव होण्याची वेळ आली नाही.

पलुस्करांच्या शिष्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये अहमदाबाद येथे एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गुरूंच्या अनुभवावरून त्यांनी घेतलेला धडा मंडळाच्या रचनेत दिसतो. एका मोठ्या वास्तूऐवजी गावोगावच्या लहान विद्यालयांचे जाळे, आणि एका दात्याऐवजी हजारो परीक्षार्थींचे शुल्क. मंडळाच्या परीक्षांना आज देशभरातून विद्यार्थी बसतात. तालुक्याच्या गावी हार्मोनियम घेऊन शिकवणारा शिक्षक या व्यवस्थेमुळेच तग धरून आहे. मात्र परीक्षा-शुल्कातून प्राथमिक शिक्षणाचा विस्तार होतो. नऊ वर्षे गुरुगृही राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खर्च त्यातून निघत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका कंपनीने कोलकात्यात संगीत संशोधन अकादमी काढून गुरूंना निवास व शिष्यांना शिष्यवृत्ती दिली, ती नेमकी ही उणीव भरण्यासाठी. उपदेशक वर्गाची कल्पना अशा रीतीने अर्ध्या शतकानंतर पुन्हा आली. या वेळी कोठीचा खर्च गुरूच्या जलशांवर अवलंबून नव्हता.