साखरेचा शब्द, साखरेची विद्या

एखाद्या इंग्रजी शब्दाचे मूळ संस्कृतात सापडले म्हणजे आपल्याला धन्यता वाटते. परंतु शब्दांचे नाते दोन प्रकारचे असते. एक रक्ताचे, दुसरे व्यवहाराचे. हा भेद केल्यावाचून त्या धन्यतेला अर्थ येत नाही. आपल्या नगर जिल्ह्यातील हजारो घरांचा संसार ज्या पदार्थावर चालतो, त्या साखरेचेच उदाहरण पाहू.

'श्वान' आणि 'हाउंड', 'शत' आणि 'हंड्रेड' या जोड्या रक्ताच्या नात्याच्या. संस्कृत आणि इंग्रजी या दोहोंची पूर्वज असलेल्या एका प्राचीन भाषेतून त्या आल्या. अशा शब्दांत संस्कृतातील आरंभीच्या 'श'च्या जागी इंग्रजीत सामान्यतः 'ह' येतो. 'शुगर' त्याच घराण्यातला असता, तर त्याच्याही आरंभी 'ह' दिसला असता. तो दिसत नाही. अर्थात हा शब्द इंग्रजीत वारस म्हणून नव्हे, वाटसरू म्हणून आला.

त्याची वाट आपल्याला ठाऊक आहे. संस्कृत 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, वाळू. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची कला या देशात साधली, तेव्हा त्या दाण्यांनाही तेच नाव मिळाले. प्राकृतातील 'सक्खरा'वरून आपली 'साखर' झाली. तिकडे फारसीत 'शकर' आणि अरबीत 'सुक्कर' झाले. अरबांनी ऊस सिसिली व स्पेनपर्यंत नेला. पाठोपाठ नावही गेले. पोर्तुगीज 'असूकार'मधील आरंभीचा 'अ' हा अरबी उपपदाचाच अवशेष होय. मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच यांच्या द्वारे तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत पोचला. 'कँडी' हा शब्दही आपल्या 'खंड'पासून फारसी-अरबीच्याच वाटेने गेला.

तेव्हा ज्याची विद्या, त्याचा शब्द. पुढे विद्येचा ओघ उलटा फिरला. निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर रस आटवण्याची युक्ती हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास काढली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. साखर कारखान्यांतील कामगारांच्या तोंडी ते भांडे 'पॅन'च राहिले. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. अभिमान धरायचा तो 'शर्करा' या अक्षरांचा नव्हे, रसाचे दाणे पाडणाऱ्या त्या अनाम हातांचा. तसे हात आपल्याकडे असतील, तोवर शब्द देण्याची पाळी पुन्हा आपल्यावर येईल, असे आम्हांस वाटते.